दुसऱ्याचं नाव न घेता

शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४. नोएडा

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा नवा आल्बम 'बीटा' आज आला. सेक्टर सोळाला मेट्रोत चढले आणि लावला. यमुना बँकेला गाडी नेहमीसारखी रेंगाळली, तोवर तीनेक गाणी झाली होती. बाहेर पाऊस, आत एसीचा गारठा, समोरच्या पोराची ओली सॅक माझ्या गुडघ्यांना लागतेय आणि कानात सूर्यकांत साहनीचा आवाज. जाड, आळसावलेला, दुपारी बारा वाजता उठलेल्या माणसाचा. पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की त्यांच्या आधीच्या 'बिस्मिल्ला'पेक्षा हा आल्बम मोकळा आहे. दुसरं वाटलं तेही नोंदवून ठेवते: मधल्या भागात माझं लक्ष उडालं. मंडी हाउसला उतरताना कुणी विचारलं असतं, की आत्ता कोणतं गाणं चालू होतं, तर सांगता आलं नसतं.

नाटकांची परीक्षणं लिहायचे तेव्हा एका प्रयोगावर मत द्यावं लागे. रात्री प्रयोग बघायचा, सकाळी मजकूर पोचवायचा. आल्बम पुन्हा पुन्हा ऐकता येतो आणि तिथेच पंचाईत आहे. चौथ्यांदा ऐकलं की काहीही बरं वाटायला लागतं. म्हणून आजचं मत आजच्या तारखेखाली.

रविवार, ११ ऑगस्ट

पुण्याहून संपादकांचा फोन. दिवाळी अंकाची गडबड. दिल्लीतल्या सिंथपॉपवर आणि तसल्या 'वेगळ्या' गाण्यांवर लेख हवाय, गणपतीच्या आसपास द्या म्हणाले.

"ताई, ते सिंथपॉप म्हणजे नक्की काय असतं?"

"कीबोर्ड आणि तालाचं यंत्र पुढे. गिटार मागे, नाहीतर नाहीच. पण गाणं गुणगुणता येईल असं, आटोपशीर."

"म्हणजे बप्पी लाहिरी."

मी गप्प बसले. उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं.

मग म्हणाले, "आणि हे तुमचे पीटर कॅट, ते दिल्लीचे कोण म्हणायचे? वाचकाला चटकन कळेल असं एखादं नाव टाका ना. दिल्लीचे अमुक, भारताचे तमुक."

बघते म्हटलं. फोन ठेवल्यावर ते 'दिल्लीचे कोण' डोक्यातून जाईना. या मंडळींबद्दल जे काही वाचलंय ते बहुतेक याच साच्यातलं. आवाज या अमेरिकन गायकासारखा, ठेका त्या फ्रेंच जोडीसारखा, उदासी तिसऱ्याच कुणासारखी. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचं तर विचारू नका. निश्चय पारेख आणि जीवराज सिंग. त्यांचा 'ओशन' २०१६ साली आला, ब्रिटनच्या पीसफ्रॉग कंपनीने उचलला. नाजूक, नीट घडवलेली गाणी. पण व्हिडिओत दोघं रंगीत सूट घालून उभे राहिले आणि जो तो वेस अँडरसन या दिग्दर्शकाचं नाव घ्यायला लागला. गाणी बाजूला, कपड्यांवर परिच्छेद.

ठरवलं: लेखात दुसऱ्या कोणत्याही गायकाचं, बँडचं नाव घेऊन यांच्या गाण्यांचं वर्णन करायचं नाही. ऐकू काय येतं ते लिहायचं. जमतं का बघू.

सोमवार, १२ ऑगस्ट

लेखासाठी कोरडी माहिती, एकदा लिहून मोकळी होते. साहनी सॅन फ्रान्सिस्कोत शिकायला होता, दिल्लीत परतला. २००९ च्या सुमारास बँड उभा राहिला. आता पाच जण आहेत: साहनी, ड्रमवर करण सिंग, बेसवर ध्रुव भोला, शिवाय रोहित गुप्ता आणि कार्तिक सुंदरेशन पिल्लई. हे शेवटचे दोघं कीबोर्डपासून ट्रम्पेटपर्यंत काय हाताला येईल ते वाजवतात. २०११ मध्ये 'सिनेमा'. २०१८ मध्ये जुन्या गाण्यांचा संग्रह पॅरिसच्या एका छोट्या कंपनीतर्फे. २०१९ मध्ये 'बिस्मिल्ला'. त्याच वर्षी साहनीचा एकट्याचा, 'लिफाफा' या नावाने केलेला 'जागो'. आणि आता हा.

पीटर कॅट हे काटेकोर अर्थाने सिंथपॉप नव्हेत. त्यांच्यात डिस्को आहे, वॉल्ट्झ आहे, पितळी वाद्यं आहेत. सिंथपॉपच्या खरा जवळचा तो 'लिफाफा'. यंत्रावरचा ताल, कीबोर्ड आणि हिंदी शब्द. पण दोन्हीकडे गाणारा गळा एकच, त्यामुळे एकावर लिहून दुसरं सोडता येणार नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सकाळी सातपासून सोसायटीच्या स्पीकरवर देशभक्तीपर गाणी. मधेमधे 'सफेद इनोव्हा गेटसमोरून हटवा'. दुपारी पतंग. गच्चीवर कुणीतरी दर पेचाला शिट्टी मारतंय. अशा दिवशी काही ऐकणं शक्य नाही, म्हणून जुने अंक काढून बसले.

'रॉक स्ट्रीट जर्नल'. अमित सैगलने १९९३ साली अलाहाबादेत सुरू केलेलं मासिक. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, अलाहाबादेत! पुढे बिऱ्हाड दिल्लीला आलं. १९९७ पासून 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्याला गेला तो तिथेच वारला. त्याच्या मासिकाचा कागद बेताचा होता आणि इंग्रजीही कधी कधी बेताचंच, पण त्यात एक हिंमत होती: वाईटाला वाईट म्हणायची. आपलं नाव छापून आलंय म्हणून पोरं अंक विकत घ्यायची आणि त्यात शिव्या निघायच्या.

आता काय येतं? मुलाखत येते. 'या आठवड्यात ऐकावं असं काही' अशी यादी येते. पोस्टरसोबत चार कौतुकाच्या ओळी येतात. दखल भरपूर, परीक्षण जवळपास नाही. 'बिस्मिल्ला'तलं कुठलं गाणं फसलंय हे मला एकाही ठिकाणी वाचायला मिळालेलं नाही. दहा गाण्यांत एकही फसत नाही असं जगात घडत नाही.

कारण समजू शकते. हौज खासच्या एका गल्लीत मावेल एवढंच हे सगळं जग. लिहिणारा, वाजवणारा, कार्यक्रम ठरवणारा, फोटो काढणारा, सगळे शनिवारी एकाच घराच्या गच्चीवर. पुण्यात मीही हे भोगलंय. ज्याच्या नाटकाला 'दुसरा अंक सैल' असं लिहिलं तो दिग्दर्शक पुढच्या आठवड्यात मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत नेमका माझ्या पुढे. वडा गोड लागत नाही. तरी लिहायचं असतं.

रविवार, १८ ऑगस्ट

गुडगावहून भाची आली. येताना छोले-कुलचे घेऊन आली आणि आल्याआल्या माझ्या स्पीकरला तिचा फोन जोडून मोकळी झाली. मी तिला 'जागो' लावायला सांगितला.

"मावशी, तुला लिफाफा माहितीये?"

मी अपमान गिळला.

तिने हा आल्बम २०२० च्या टाळेबंदीत ऐकला. ऑफिसचं काम करताकरता, घरात एकटी. 'निकम्मा' आणि 'चाकू चिडिया' ही दोन गाणी तिला पाठ आहेत, बाकीची 'वाजत असतात'. ही तिची समीक्षा आणि ती मला फार नेमकी वाटली. दोन गाणी गाणी आहेत, बाकीची हवा आहे. मी विचारलं, कुठे वाचलंस याच्याबद्दल? ती हसली. वाचायचं कशाला, एक गाणं संपलं की फोन आपोआप दुसरं लावतो. म्हणजे तिच्यापर्यंत हा आल्बम पोचवण्यात माझ्यासारख्या कुणाचाही काडीचा वाटा नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून नीट ऐकला, न बोलता. माझी टिपणं:

ताल मुद्दाम सुस्त ठेवलाय. ढोलकीची जागा यंत्राला दिलीय, पण ठेका आपल्या ओळखीचा, चालता चालता पाय आपटावा असा. कीबोर्डचा सूर थोडा घसरलेला, उन्हात राहिलेल्या कॅसेटसारखा. शब्द साधे, रस्त्यावरचे. आणि त्या गळ्यावर इतका प्रतिध्वनी चढवलाय की अर्धे शब्द भिंतीपलीकडून येतात. हा दोष की युक्ती? दोन-तीन गाण्यांत युक्ती. सबंध आल्बमभर म्हणजे दोष. राजकीय बोच असलेल्या ओळी तो पुटपुटतो. जो माणूस आल्बमचं नाव 'जागो' ठेवतो आणि पुढच्याचं 'सुपरपॉवर २०२०', म्हणजे कलामांच्या त्या स्वप्नातलं साल उचलून त्याची टर उडवतो, त्याने थोडं मोठ्यांदा बोलायला हरकत नव्हती.

भाचीचं म्हणणं, "मोठ्यांदा बोलणारे इथे पुष्कळ आहेत गं."

हे लेखात तिच्या तोंडीच घालावं लागेल.

सोमवार, १९ ऑगस्ट

राखी. मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही. काहीही ऐकलं नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटला गेले. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. स्पीकर, अँप्लिफायर, दिव्यांच्या माळा, बोळात उभे रचलेले डीजेचे डबे. एका दुकानात कीबोर्ड मागितला तर मालकाने पहिला प्रश्न विचारला, "जागरण के लिए चाहिए कि स्टेज शो के लिए?"

इथेच थांबून राहिले तासभर. देवीच्या जागरणाच्या कीबोर्डात काय असतं? शहनाई, बासरी, बँजो, संतूर यांचे भरून दिलेले आवाज. ढोलक आणि चिमट्याचे तयार ठेके. एक बटण दाबलं की मातेच्या भेंटा, म्हणजे देवीची गाणी, गाणारी सगळी पार्टी हजर. मालकाने स्वतः वाजवून दाखवलं. आवाज कर्कश, पण त्याची बोटं इतकी सफाईने फिरत होती की मी चाट पडले. शेजारी ऑक्टोपॅड वाजवणारा एक पोरगा किंमत करत होता. सोनिपतकडचा. नवरात्रात एक रात्र रिकामी नसते म्हणाला.

दिल्लीत इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर सगळ्यात जास्त संगीत कुठे वाजत असेल तर ते क्लबात नाही, जागरणाच्या तंबूत. रात्री दहा ते पहाटे पाच, हजार माणसांपुढे. आपल्याकडे गावोगाव कुठल्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात आणि गणपतीत बँजो पार्टी लावतात, त्यातलाच प्रकार. यावर कुणी परीक्षण लिहीत नाही, आणि त्यांना ते नकोही आहे. दाद म्हणजे हार्मोनियमवर ठेवलेली दहाची नोट.

आणि मी राहते ते नोएडा. गुलशन कुमारचं गाव. दर्यागंजात फळांच्या रसाच्या दुकानातून निघालेला माणूस. त्याने कॅसेट इतकी स्वस्त केली की ट्रकवाल्याकडे, चहावाल्याकडे, देवळात, सगळीकडे ती पोचली. त्याची सुपर कॅसेट्स, म्हणजेच टी-सीरिज, १९८३ ची. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने उत्तर भारतातल्या त्या कॅसेटच्या धुमाकुळावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मोठी कंपनी विरुद्ध छोटा कलाकार अशी सोपी मांडणी इथे चालत नाही. टी-सीरिजही एकेकाळी एचएमव्हीसमोरचा छोटा भिडूच होता.

'जागो'तला तो घसरलेला कीबोर्ड कुठून आला असेल हे मला आज कळलं असं वाटतं. साहनी लजपतराय मार्केटला गेला असेल-नसेल. पण दिल्लीत वाढलेल्या कानाला हा आवाज चुकवता येत नाही. दर शुक्रवारी-शनिवारी तो खिडकीतून येतोच.

बुधवार, २८ ऑगस्ट

आज चरणजित सिंगांवरचं टिपण. लेखात ते दिल्लीच्या नावाखाली कसं घुसवायचं हा प्रश्न होता, पण तो धागा दिल्लीतच निघाला.

चरणजित सिंग मुंबईचे. शंकर-जयकिशनांपासून राहुलदेव बर्मनपर्यंत सगळ्यांकडे वाजवलेले. गिटार, बेस, पुढे कीबोर्ड. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी केली: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. सोबतीला माणूस नाही, फक्त तीन यंत्रं, तिन्ही रोलंड या जपानी कंपनीची: टीआर-८०८ तालाला, टीबी-३०३ बेसला आणि ज्युपिटर-८ सुरावटीला. काम दोन दिवसांत उरकलं असं त्यांनीच पुढे सांगितलं.

३०३ ची गंमत अशी की ते सरावासाठी बनवलेलं यंत्र. गिटारवाल्याला घरी बेसची साथ हवी म्हणून. १९८१ मध्ये आलं, कुणाला आवडलं नाही, १९८४ मध्ये बंद. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. बाकीच्यांना ती खोड वाटली. चरणजितांना त्यात मींड दिसली.

तबकडी पडली. रागदारीवाल्यांना हा पोरखेळ, डिस्कोवाल्यांना हे रटाळ. मग १९८७ साली शिकागोत फ्युचर या तिघांनी तेच ३०३ पिळून एक लांबलचक ट्रॅक काढला आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा अख्खा प्रकार जन्मला. त्यांना आपल्या तबकडीचा पत्ताही नव्हता.

आणि आता दिल्ली. २००२ साली एदो बाउमन नावाचा डच माणूस जुन्या तबकड्या धुंडाळत इथे आला होता. एका दुकानात ही तबकडी त्याच्या हाताला लागली. हॉटेलच्या खोलीत आपल्या छोट्या यंत्रावर लावली आणि तो उडालाच. पुढे त्याने चरणजितांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या स्वतःच्या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. पहिल्यांदा लोकांना खरंच वाटेना. कुणा इंग्रज संगीतकाराने खोटं नाव घेऊन केलेली थट्टा असणार, अशी कुजबुज. मग 'गार्डियन'मध्ये लेख, मग सत्तरी ओलांडलेल्या चरणजितांचे युरोपात कार्यक्रम, पोरांच्या गर्दीसमोर, रात्री उशिरा. २०१५ च्या जुलैत ते गेले.

संपादक याला 'पिकतं तिथे विकत नाही' म्हणतील. मला ते पटत नाही. १९८२ मध्ये ती लंडनमध्ये निघाली असती तरी पडलीच असती. तिच्या शेजारी ठेवायला काही नव्हतं. शिकागोतल्या पोरांनी ते शेजारचं निर्माण केलं, तेव्हा मागे वळून बघणाऱ्याला ही दिसली.

म्हणजे माझ्या नियमाला खिंडार पडलं. मी तुलनेला शिव्या घालतेय आणि चरणजितांना तर तुलनेनेच वाचवलं. 'हे तर त्याच्यासारखं!' असं हॉटेलच्या खोलीत कुणाला वाटलं नसतं तर तबकडी अजून त्या दुकानात धूळ खात पडली असती.

तरी एक खटकतं. 'अ‍ॅसिड हाउस चुकून आधीच शोधणारा माणूस' हे बिरूद त्यांना चिकटलं ते चिकटलंच. तोडी कशी वाजवलीय, ती बरी की मेघमल्हार बरा, कोणता राग यंत्रात जीव सोडतो, हे कोण विचारतं? मी पुन्हा ऐकली. भैरवी चांगली. ललतचे दोन मध्यम यंत्रावर नुसते दोन सूर होतात, त्यांच्यातली ती ओढ जाते. कलावतीत मात्र मजा आहे, पाच सुरांची धावपळ यंत्राला मानवते. सबंध तबकडीवर एकच लय आहे आणि चौथ्या-पाचव्या रागापर्यंत तिचा कंटाळा येतो. पहिली असण्याचा मान मोठा आहे, पण म्हणून कंटाळा यायचा राहत नाही.

रविवार, १ सप्टेंबर

मिडीवल पंडित्झ. गौरव रैना आणि तपन राज, दोघं दिल्लीचे, १९९७ पासून एकत्र. मीरा नायरच्या 'मॉन्सून वेडिंग'मध्ये त्यांचं संगीत वाजलं आणि २००२ साली पहिला आल्बम सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स डिग्रीज कंपनीने काढला. त्याच कंपनीत कर्ष काळे, तबला आणि ड्रम एकाच बैठकीत वाजवणारा. इंग्लंडात जन्मला, न्यूयॉर्ककडे वाढला. आडनाव वाचून माझ्या आईला तेव्हा फार आनंद झाला होता. तिने त्याचा 'रियलाइज' कौतुकाने लावला आणि पाच मिनिटांत आवाज कमी करायला सांगितला.

या सगळ्यांना तेव्हा 'एशियन अंडरग्राउंड' म्हणत. तो शब्द लंडनचा, तिथल्या दक्षिण आशियाई पोरांच्या क्लबांचा. दिल्लीत राहणाऱ्या दोघांना 'आशियाई' म्हणून काय कळतं? दुकानात मात्र त्यांची सीडी 'फ्युजन'च्या कप्प्यात, ध्यानधारणेच्या संगीताशेजारी. परीक्षण व्हायच्या आधीच कप्पा ठरलेला असतो.

पीटर कॅटची अडचण वेगळी. त्यांच्यात सतार नाही, तबला नाही, त्यामुळे बाहेरच्याला 'भारतीय' म्हणून हात लावायला मूठच सापडत नाही. मग तो भारावून लिहितो की हे ऐकून दिल्लीचं वाटतच नाही. ही शाबासकी की काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात जाऊन आले. आरती, मोदक, ओळखीचे चेहरे, आणि दिल्लीत तीस वर्षं काढून अजून हिंदीत लिंग चुकवणारे आमचे सगळे लोक. एका आजोबांना मी काय लिहितेय ते सांगितलं. त्यांनी फोनवर 'मेमरी बॉक्स' ऐकलं, सबंध आठेक मिनिटांचं, डोळे मिटून. मग म्हणाले, "चाल चांगली आहे. पण हा थांबायचं कधी ते विसरलाय." मला तेच गाणं 'बिस्मिल्ला'तलं सगळ्यात चांगलं वाटतं, ते लांबतं म्हणूनच. वाद घालायला वेळ नव्हता, प्रसादाची रांग पुढे सरकली.

परतताना रिक्षातून एक वरात दिसली. चुकीच्या महिन्यात, पण दिल्लीत कुठल्याही कारणासाठी बँडवाले निघतात. ट्रम्पेटवाला एक वाक्य वाजवून दम घ्यायला थांबला आणि मला एकदम पीटर कॅटचं 'फ्लोटेड बाय' आठवलं. त्यातल्या पितळी वाद्यांबद्दल लिहिताना सगळे जॅझ जॅझ करतात. त्याच्या व्हिडिओत खुद्द साहनीच्या लग्नाची दृश्यं आहेत. लग्न, ट्रम्पेट, थोडा उशीर, थोडी दारू, एक उदास माणूस मध्ये उभा. हा जॅझ असेल, पण बँडवाल्यांच्या लाल कोटातला आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

लेख बसला. तुलनेचा नियम मोडला नाही, पण वाकवला. तुलनेसाठी दुसऱ्या गायकाचं नाव कुठे घेतलेलं नाही. जागरणाचा कीबोर्ड, वरातीचं ट्रम्पेट, खिडकीतून येणारा स्पीकर, एवढे शेजारी ठेवले. आणि 'बीटा'च्या शेजारी त्यांचाच 'बिस्मिल्ला'.

'बीटा'वरचा मजकूर इथे उतरवून ठेवते, तिकडे कात्री लागेल म्हणून:

'बिस्मिल्ला'त पाच जण एका खोलीत कोंडून घेतल्यासारखे वाजतात. भिंती ऐकू येतात. 'बीटा'त त्या खोलीच्या खिडक्या उघडल्या आहेत. आवाज स्वच्छ, वाद्यं मोजता येतात, आणि साहनी पहिल्यांदाच शब्द सोडून देण्याऐवजी पोचवतो आहे. 'पीपल नेव्हर चेंज' हे या आल्बममधलं सगळ्यात नाचरं गाणं आणि सगळ्यात कडवटही. नाव निराशेचं, ठेका आनंदाचा, आणि दोन्हींना एकमेकांची लाज नाही. 'सडनली' हळुवार आहे आणि हळुवारच राहतं, उगाच मोठं होत नाही. पण मोकळेपणाची किंमत मधल्या गाण्यांनी मोजली आहे. तिथे चाली सुरेख आणि विसरण्याजोग्या आहेत. अस्वस्थ माणूस सुखात आला की त्याचं गाणं थोडं गोलाईला जातं, तसं झालं आहे. पंधरा वर्षं टिकलेल्या बँडने गोल व्हावं, हरकत नाही, पण ते ऐकू येतं.

पाच-सहा वेळा ऐकल्यावर ९ तारखेचं मत बदललं का? मधली दोन गाणी आता ओळखू येतात. आवडत नाहीत.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

संपादकांचा फोन. लेख आवडला, पण जास्त झाला. शीर्षक त्यांनी घातलंय: 'दिल्लीचे बीटल्स'.

मी म्हटलं, मग माझं नाव काढा.

"अहो ताई, वाचकाला काहीतरी धरायला नको का?"

"ट्रम्पेट धरू दे."

थोडा वेळ तिकडे कुणाशी तरी बोलणं. मग, "बरं, शीर्षक तुमचं. पण तीनशे शब्द कमी करा. त्या चरणजित सिंगांचं काढलं तर?"

चरणजितांना हात लावायचा नाही, म्हटलं. गुलशन कुमार काढा, अलाहाबाद काढा, माझ्या आईचा किस्सा काढा.

"आईचा राहू दे हो. आणि ते मधली गाणी विसरण्याजोगी आहेत असं थेट लिहिलंय. मुलं नवीन आहेत, जरा सौम्य..."

पंधरा वर्षं वाजवतायत, सध्या परदेश-दौऱ्यावर आहेत, एवढ्याने त्यांचं काही वाकडं होणार नाही, असं सांगितलं. ते वाक्य राहिलं. फोटोसाठी त्यांच्या व्यवस्थापकाला मेल टाकायचं काम माझ्याकडे आलं, मानधनाचा विषय दिवाळीनंतर.